कमरेत बारीक भोपळा

भोपळे बोलायचे, त्या काळातली गोष्ट. मळ्यातल्या मांडवावर एक भोपळा लोंबत होता. तंबोरा होऊन मैफलीत बसायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पोपट म्हणायचा, "तुला नाही नेणार तर कुणाला नेणार?"

भोपळ्यानं साळुंकीलाही विचारलं, "मला नेतील ना?" ती म्हणाली, "खरं सांगू? तंबोरे करणारा कारागीर दरवर्षी येतो. एवढ्या मळ्यातून दोन-तीनच नेतो, तेही रुंद आणि गोल. तू कमरेत बारीक आहेस. आशा ठेव, पण विहिरीकडेही बघून ठेव. तिथं पोरं भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकतात."

"मी आणि विहिरीत?" भोपळा चिडला. तिच्याशी बोलेना. पण नजर मात्र विहिरीकडे जायला लागली.

कारागीर आला. त्यानं टिचकी मारली, "घेर नाही रे," म्हणाला आणि पुढे गेला. पोपट तोवर दुसऱ्या मळ्यात उडाला होता. भोपळ्याला वाईट वाटलं. पण विहीर आता अनोळखी नव्हती.

उन्हाळ्यात मळ्यातल्या यमुनाआत्यानं तो वाळलेला भोपळा आपल्या भाचीच्या, रेवतीच्या पाठीला बांधला.

"आत्या, दोरी सुटेल गं!"

"त्याची कंबर बघ. दोरी सरकायची नाही."

रेवती पाण्यात पडली, घाबरली आणि मग तरंगत खदखदून हसायला लागली.

काठावर साळुंकी बसली होती. भोपळा तिला म्हणाला, "तुझे फार उपकार आहेत, साळुंके. पोपट मला आवडायचा. पण नीट पाहिलं होतंस ते तूच."