साठीनंतरची चार-दोन वर्षं

साळवणगड संस्थानात रायबा माहूत होता आणि त्याची बायको गोजरा हत्तींचा चारा बघायची. पंचेचाळिशीतच रायबाची पाठ कुरकुरू लागली. आता चाकरी सोडावी आणि माहेरच्या नदीकाठी टरबुजं लावावीत, असं गोजराच्या मनाने घेतलं. गाठीचं जन्मभर पुरेल का, एवढीच तिला धाकधूक होती.

दोघं दरबारात निरोप मागायला गेली, तसे दिवाण नरसोपंत मिशीवर हात फिरवत म्हणाले, "खुळी की काय तुम्ही? आणखी पंधरा वर्षं राबा! साठीनंतर माणूस जगतो किती? चार-दोन वर्षं! तेवढ्याला तुमची शिल्लक आरामात पुरेल."

दरबार हसला. रायबाने मान खाली घातली. गोजराला मात्र एकदम काहीतरी सुचलं आणि तिलाच हसू आवरेना.

"सरकार, ह्यांचा न् आपला जन्म एकाच दिवशीचा ना?"

"हो तर!" महाराज म्हणाले. "दोन्ही घरी एकदमच पेढे वाटले होते."

"मग दिवाणसाहेबांनी आपलीही वर्षं मोजली म्हणायची!"

नरसोपंत पांढरेफटक पडले. "छे, छे! सरकार शंभर वर्षं जगणार!"

"मग हेही जगणार. एवढ्या वर्षांना पंधरा वर्षं राबूनही पुरायचं नाही. मग आजच निघालेलं काय वाईट?"

महाराज पोट धरधरून हसले. "निघा! कमी पडेल ते शंभरीपर्यंत नरसोपंत भरतील. शंभर वर्षांची हमी त्यांनीच दिलीय!"

नरसोपंतांना नाही म्हणायची सोयच नव्हती. दरवाजाबाहेर येताच गोजराने रायबाचा हात धरून अशी गिरकी घेतली, की तिथे उभा असलेला हत्तीही दचकून मागे सरला.