शंखापुढची ओळ

त्या किनाऱ्यावर नवे धड शंख येणे थांबले होते, आणि अंगे वाढायची मात्र थांबत नव्हती.

तिथले खेकडे दुसऱ्यांनी टाकलेल्या शंखांत राहत. त्यांचे पुढचे अंग कठीण असे, मागचे लुसलुशीत. ते मागचे अंग कशात तरी दडवल्याशिवाय तिथे जगता येत नसे. पूर्वी भरती चांगले शंख आणून टाकायची. अलीकडे आणायची ते फुटके. त्यामुळे प्रत्येकाचे थोडेथोडे अंग बाहेर राहू लागले होते, आणि दुसऱ्याच्या उघड्या अंगाकडे न पाहणे ही तिथली सभ्यता झाली होती.

कुणी मेला की त्याच्या शंखापुढे ओळ लागे. सर्वांत थोराड खेकडा पुढे, त्याच्या पाठीला धरून त्याहून लहान, असे थेट शेवटपर्यंत. पुढचा त्या शंखात शिरला की दुसरा त्याच्या जुन्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या. एक जागा रिकामी झाली की सगळ्या किनाऱ्याचे भले होई. फक्त एक अट होती. मेलेल्याच्या घरच्याने शंखावर नांगी टेकवून ‘रिकामा’ असे म्हटल्यावाचून कुणी त्यात पाऊल टाकायचे नाही.

आवडाबाईने तो शब्द उच्चारला नव्हता. मागच्या वादळात तिचा मुलगा धाकू शंखातून उपटला गेला. शंख परत आला. धाकू आला नाही. त्याला मेलेला कुणी पाहिला नव्हता. त्या न पाहण्यावरच ती जगत होती.

मग एके दिवशी पाणी मागे सरू लागले. पक्षी डोंगरापलीकडे उडून गेले आणि हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटून राहिली. मोठे वादळ येत होते. कुणी केवड्याच्या मुळांत भोके कोरली, कुणी वाळूचे बांध घातले. बांध पहिल्या फुंकरीलाच बसले. तेव्हा सगळ्यांना एकदम आवडाबाईचे दुःख आठवले.

धाकू गेला तेव्हा दुखवट्याला कुणी आले नव्हते. आता सारा किनारा आला. किनाऱ्याचा कारभारी दाजीबा सर्वांत पुढे बसला.

“वहिनी, धाकू माझ्याच अंगाखांद्यावर वाढला,” तो म्हणाला. बोलताना त्याची नांगी धाकूच्या शंखाच्या तोंडावरून सहज फिरली, जणू धूळ झटकत होती. “पण मागे राहिलेल्यांचाही विचार करायला हवा.”

“तो परत आला तर राहील कुठे?” आवडाबाईने विचारले.

“माझ्यात ये म्हणावं!” मागून कुणी ओरडले. “नाहीतरी मी अर्धा बाहेरच असतो. भाडं घेणार नाही.”

हशा पिकला आणि लगेच विरला. आवडाबाई हलली नाही. आलेले एकेक करून परतले. शेजारीण भागी तेवढी मागे राहिली. जिभेला हाड नसलेली बाई.

“आवडे, समुद्र बघितलास? एवढा मागं सरलाय, तो काय लाजून सरलाय होय? उडी घ्यायला सरलाय मेला.”

“बघितला.”

“मग हे बघ.” भागीने पाठ फिरवली. शंखाबाहेर राहिलेले तिचे अंग सोलून लाल झाले होते. वाळूचे कण त्यात रुतून बसले होते. “तोंडानं मस्करी करते गं मी. मागून रोज कुरतडली जाते. त्या लाटेत मी नाही टिकायची.”

आवडाबाईने त्या जखमेकडे पाहिले. ती सभ्यता तिने त्या दिवशी मोडली. मग दाजीबाला बोलावणे गेले.

ओळ लागायला वेळ लागला नाही. भांडण तेवढे झाले. पुढचा नंबर मिळावा म्हणून सगळ्यांनी अंग फुगवून धरले होते. शेवटी आवडाबाईने शंखावर नांगी टेकवली आणि तो शब्द म्हटला.

“वहिनी, जरा मोठ्यानं,” दाजीबा नम्रपणे म्हणाला. “मागच्यांना ऐकू जायला हवं.”

ती पुन्हा म्हणाली.

दाजीबा आत शिरला. त्याच्या मागे एकामागून एक उघडी अंगे या शंखातून त्या शंखात सरकली. मग धाकूचा शंख उठला आणि चालू लागला. आवडाबाई त्याच्या मागे धावली. शंख उजवीकडे झुकत होता. धाकू डावीकडे झुकून चालायचा. ती थांबली.

वारा आता केवड्याची पाने फाडू लागला होता. नव्या घरात प्रत्येकाने अंग आत ओढून पाहिले, आणि प्रत्येकाचे थोडे बाहेर उरले. वाट पाहता पाहता सगळेच एका मापाहून जास्त वाढले होते. भागीची जखम अजून बाहेर दिसत होती.

“थोडक्यात हुकलं,” दाजीबा म्हणाला. “आणखी एक मिळाला असता तर सगळे वाचलो असतो.”

धाकूच्या शंखाहून मोठा शंख किनाऱ्यावर एकच होता, आवडाबाईचा. शोकाने तिचे अंग आक्रसले होते. त्या शंखात आता तिची आणि भागीची, दोघींची जागा होती. हे कुणीच बोलून दाखवले नाही.

“आवडे,” भागीचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला होता, “वाऱ्यात उभी राहू नकोस. दमली असशील. वयही झालं आता.”

“झालं खरं,” आवडाबाई म्हणाली. ती समुद्राकडे पाहत होती. क्षितिजावर पाण्याची भिंत उभी राहिली होती.

तिच्या पाठीमागे कुणी हळूच विचारले, “पण हिच्यामागं ‘रिकामा’ म्हणणार कोण?”

“ते आपण बघू,” दाजीबा पुटपुटला.

आवडाबाई वळली. कुणीही घरी गेले नव्हते. सगळे तिच्याकडे तोंड करून उभे होते. पुढे दाजीबा, त्याच्या पाठीला धरून त्याहून लहान, त्याच्यामागे त्याहून लहान, मध्ये कुठेतरी भागी, मान खाली घालून. या वेळी नंबरासाठी कुणीही भांडले नव्हते. दाजीबाने तिच्यापासून अदबीने दोन पावलांचे अंतर राखले होते.