चुलीपाशी बसलेला पाहुणा

फार जुनी गोष्ट. एका उंच डोंगरावर जायला धड पायवाटही नव्हती, तेव्हाची. त्या डोंगरावर रानातल्या माणसांची छोटी वस्ती होती. त्यांची एक रीत होती. घरी आलेल्या पाहुण्याला चुलीपाशी जागा द्यायची, घरच्यांनी बाहेर निजायचं, आणि पाहुणा आपण होऊन उठेपर्यंत त्याला ‘ऊठ’ म्हणायचं नाही. वर्षाकाठी एखादा वाट चुकलेला वाटसरू यायचा, तेव्हा ही रीत कुणाला जड जात नव्हती.

पुढे राजाने डोंगरावर रस्ता केला. त्याच्या कारभाऱ्याने गावोगाव दवंडी पिटवली, “डोंगरावरच्या भोळ्या माणसांचा पाहुणचार एकदा घेऊन पाहा!”

झालं! मेण्यामागून मेणे वर येऊ लागले. एक पाहुणा उठला की दुसरा टेकायचा. घरची माणसं बाहेर गेली ती गोठ्यातच राहू लागली. रीत मोडायची मात्र कुणाची छाती होईना.

वस्तीत एक म्हातारी होती. तिच्या सुनेचे दिवस भरले होते. मागल्या थंडीत शेजारणीचं बाळ गोठ्यात गारठून गेलं, ते म्हातारीने आपल्या हातांनी पुरलं होतं. आणि एका दुपारी, बोचरा वारा सुटलेला असताना, सुनेला कळा सुरू झाल्या.

म्हातारी घरात धावली. चुलीपुढे शहरातला एक व्यापारी पाय पसरून बसला होता.

“दादा, पोरीच्या जिवावर बेतलंय. तेवढी जागा द्या.”

व्यापारी हसला. “आजी, तुमच्यात पाहुण्याला उठवत नाहीत ना? ते बघायलाच तर एवढा डोंगर चढून आलो!”

दारात वस्तीचा म्होरक्या उभा होता. तो हात जोडून म्हणाला, “काकी, रीत मोडू नको. वाडवडील कोपतील गं.”

गोठ्यातून सुनेची किंकाळी आली. उभ्या जन्मात म्हातारी पाहुण्याला वावगा शब्द बोलली नव्हती.

“कोपू देत!” ती ओरडली. “नातवंडं गारठून मारा, असं कुठल्या वाडवडलांनी सांगितलंय? ऊठ रे बाबा. ऊठ म्हणते ना!” आणि तिने व्यापाऱ्याचा दंड धरून त्याला उभं केलं.

‘कारभाऱ्याला सांगतो’ म्हणत व्यापारी पाय आपटत निघून गेला. म्हातारीने सुनेला आत आणलं, आणि त्याच जागी तिला मुलगी झाली. आधी ती रडेचना. चुलीची ऊब लागली तशी टाहो फोडून रडली, आणि म्हातारीलाही रडू आवरेना.

तो आवाज ऐकून घरोघरच्या बाया गोठ्यातून उठल्या आणि आपापल्या पाहुण्यांना म्हणाल्या, “उठा.”

कारभाऱ्याने डोळे वटारले. मेणे कमी झाले. वस्तीने ते सोसलं. पण तेव्हापासून चूल घरच्यांची झाली आणि पाहुण्याला ओसरी मिळू लागली. घोंगडी पांघरून ओसरीवर निजायला जे तयार होते, ते येतच राहिले, आणि त्यांना गरम भाकरी कधी कमी पडली नाही.

तात्पर्य : पाहुणचार घर राखून करावा; घरच गेलं, तर पाहुण्याला ‘या’ म्हणणार कोण?