पडलेल्या ऐनावरची सभा

माणसांनी रानाच्या हद्दी आखल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. वादळात मोडलेलं ऐनाचं झाड मुंगशिणीच्या बिळावर आडवं आलं. आत पिल्लं अडकली. मुंगशीण खोडाखालची फट जीव तोडून उकरत होती, तोच रानाचे कारभारी अस्वलराव पाहणीला आले. झाड हटवू शकणारे गवे त्यांच्या स्वागताला रांगेत उभे होते. अस्वलराव थेट खोडावर बसले आणि बोलू लागले. त्यांच्या भारानं खोड लवलं, फट मिटली.

“कारभारी, उतरा! पिल्लं गुदमरतील!”

“बाई, तुमच्यासाठीच बसलोय. आधी भाषण, मग मदत.”

गव्यांनी माना डोलावल्या. मुंगशीण वर चढली आणि अस्वलरावांना कडकडून चावली. ते खोडावरून खाली कोसळले. सगळे गवे त्यांनाच उचलायला धावले. खोड वर उसळलं आणि तिनं पिल्लं ओढून काढली.

“पाहिलंत?” अस्वलराव कण्हत म्हणाले, “आमच्या येण्यानं पिल्लं सुटली!”

“येण्यानं नव्हे,” मुंगशीण म्हणाली, “उतरण्यानं.”