दोन मुठींचा पाना

फार वर्षांपूर्वी, कातळबंदरातल्या होड्यांची शिडं उतरून इंजिनं नुकती बसायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. वस्तीपासून दूर, बंदराच्या अगदी टोकाला, पत्र्याच्या खोपटात तातोबा मिस्तरी राहायचा. तो घाटावरचा लोहार. इथे त्याचं नात्यागोत्याचं कुणी नव्हतं, आणि दोन घास जेवायला ये, असंही त्याला कुणी कधी म्हटलं नाही.

हत्यारं त्याची आठवडी बाजारातली, स्वस्तातली, फार तर मोटारीची चाकं खोलायच्या लायकीची. होडीच्या इंजिनापुढे ती म्हणजे पोरखेळच. पण तातोबा त्यांना भट्टीत घालायचा आणि पार बदलून टाकायचा. हलक्या जॅकखाली ट्रकच्या कमानीचा पाटा बसवला की तोच जॅक अख्खं इंजिन उचलायचा. पान्याचा दांडा कापून तिथे तो पाण्याचा जाड पाइप जोडायचा. असं म्हणतात, त्याचा पाना नुसता जवळ आणला तरी गंजलेले नट मुकाट्यानं सैल व्हायचे.

त्याच्या सर्वांत मोठ्या पान्याचा पाइप पुरुषभर लांब होता. त्यावर सुंभ गुंडाळून त्यानं दोन मुठी केल्या होत्या. एक स्वतःसाठी, दुसरी कधी कुणी हात लावायला आलंच तर त्याच्यासाठी. पहिली झिजून काळी पडली. दुसरीचं सुंभ कोरंच राहिलं.

लोकांनी मात्र भलताच अर्थ काढला. एवढी अवजड कामं हा एकटा करतो, म्हणजे याला माणूस खपत नसणार! मग बंदरात रिवाजच पडला, की तातोबा इंजिनाच्या खणात उतरला की मागोमाग कुणी जायचं नाही. इंजिन सुरू झालं की माणसं खुशीत निघून जायची, आणि तो किनाऱ्यावर उभा राहून होडी दिसेनाशी होईपर्यंत बघायचा. फार वाईट वाटायचं त्याला. पण सांगणार कुणाला?

एका भरतीला पोशा नाखवाची मोठी होडी खडकांपाशी बंद पडली. पंख्याच्या दांड्यावरचा भलामोठा नट आवळून बसला होता, तो सैल झाल्याशिवाय पंखा फिरणार नव्हता. लाटा होडीला खडकावर ढकलत होत्या. तातोबा लहान होडक्यातून तो दोन मुठींचा पाना घेऊन गेला आणि खाली खणात उतरला. वर खलाशी जिवाच्या आकांतानं पाणी उपसत राहिले.

त्यानं सगळा जोर लावला. नट हलेना. त्यानं वर पाहिलं. पावलं वाजत होती, पण खाली कुणीच उतरत नव्हतं.

"या की रं कुनीतरी," तो पुटपुटला. मोठ्यानं हाक मारायची त्याची सवयच मोडली होती.

मग डोळे गच्च मिटून त्यानं पुन्हा जोर लावला. आणि असं म्हणतात, त्याच वेळी दुसऱ्या मुठीवर कुणाचे तरी हात पडले. पाइप वाकला, नट करकरत फिरला, इंजिन सुरू झालं आणि होडी खडकांतून सुखरूप बाहेर पडली.

तातोबा हसत वर आला. त्याला हसताना बंदरानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मागनं कोन आल्तं रं?" त्यानं विचारलं.

पोशा नाखवा म्हणाला, "आमी कोन नाय उतरलो, मिस्तरी. तुला मानूस खपत नाय ना."

"कुनी सांगितलं तुमास्नी?" तातोबा म्हणाला. पाना खांद्यावर टाकून तो आपल्या होडक्यात उतरला.

दुसऱ्या दिवशी नाखवा सगळी वस्ती घेऊन खोपटावर गेला. पाना दाराला टेकवलेला होता, तातोबा नव्हता. कुणी म्हणतं, तो रागावून घाटावर निघून गेला. मला विचाराल तर तसं नाही. आयुष्यात एकदाच कुणीतरी त्याच्यासाठी आलं होतं, त्याला शोधायला तो गेला.

आज कातळबंदरात यंत्रानं नट खोलतात, दोन माणसांची गरजच उरलेली नाही. तरी कुणी एकटं इंजिन खोलत नाही. कुणीतरी मागोमाग उतरतं, कधी म्हातारी, कधी शाळेतून आलेली पोर. हत्याराला हात लावून ते मोठ्यानं म्हणतं, "धरलंय हो, मिस्तरी!" आणि करण्यासारखं काही नसलं, तरी काम संपेपर्यंत तिथून हलत नाही.