मतांचं भूमिपूजन

बासष्ट सालच्या निवडणुकीत आमदार विश्वंभरराव पुन्हा उभे होते. बोरखेडीला जीप येत नसे. तेव्हा साहेबांनी गड्यांच्या खांद्यावर बसून नदी ओलांडली आणि देवळापुढे उभं राहून फर्मावलं, "सगळी मतं मलाच, असा गावानं आत्ता शब्द द्यायचा. नाहीतर रेशनचं दुकान दुसऱ्या गावाला गेलंच म्हणून समजा!"

मग ठकूबाई सुईण उठली. पावसाळ्यात अडलेल्या बाईला नदीपलीकडच्या दवाखान्यात नेता येत नाही, हे तिच्याइतकं कुणी सोसलं नव्हतं. तिने एका दगडाला हळदकुंकू वाहिलं, त्यावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला.

"घ्या साहेब. गावाच्या मतांचं भूमिपूजन झालं."

साहेब गोंधळले. "अगं, पण मतं कुठायत?"

"मागच्या निवडणुकीला तुमी नदीवर पुलाचा नारळ फोडला. तवा आमी इचारलं का, पूल कुठाय म्हणून?" ठकूबाई शांतपणे म्हणाली. "गुमान खोबरं खाल्लं आन् टाळ्या वाजवल्या. आता तुमी वाजवा."