ठकूच्या तीन घागरी

धुंडिराज राजाचं वेबसाइटवरचं दुकान पुन्हा बंद पडलं! तेही ऐन थंडीच्या तोंडावर! गावच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या त्या दुकानातून देशोदेशी जायच्या, त्या आता दरबारात साचल्या. ढीग एवढा झाला, की राजाला सिंहासनावर चढायला शिडी लागायची.

"बस्स!" राजा शिडीवरूनच ओरडला. "दिवस मावळायच्या आत दुकानाला भरवशाची जागा मिळाली पाहिजे. नाहीतर या गोधड्या हत्तीखान्यात अंथरून टाका!"

बायकांनी एकच गलका केला. वर्षभराची मेहनत, ती हत्तींच्या पायाखाली? गोधडीवाली ठकू दातानं दोरा तोडून पुढं आली. "मी निवडते जागा, महाराज!"

"तू? त्यातलं तुला काय कळतं गं?"

"मागची जागा कळणाऱ्या प्रधानजींनीच निवडली होती ना?"

प्रधानजींना अचानक खोकला आला.

वेबसाइट ठेवायला जागा भाड्यानं देणारे गावात तिघंच. भपकेराव, फुकटशेठ आणि केरबा. तिघांची मशीनघरं राजवाड्यामागं एका ओळीत. तिघांनाही बोलावणं गेलं.

"माझ्याकडं दुकान कधी म्हणजे कधीच पडत नाही!" भपकेराव म्हणाला.

"माझ्याकडं तर त्याहूनही कमी पडतं!" फुकटशेठ म्हणाला. "शिवाय दुकानाचं नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, फुकट! महाराजांना तसदी नको, माझ्याच नावावर नोंदवून टाकतो."

"वा रे वा!" ठकू म्हणाली. "बारशाला आत्यानं नाव ठेवलं, म्हणून पोर काय आत्या घेऊन जाते? नाव महाराजांच्याच नावावर नोंदवायचं!"

केरबा तेवढा डोकं खाजवत म्हणाला, "माझ्याकडं पडतं बुवा कधीमधी. पडलं की उठतो नि उभं करतो."

"ह्याला आधी हाकला!" राजा म्हणाला.

"दमानं घ्या, महाराज. मला तीन शिपाई आणि तीन घागरी द्या."

शिपाई कण्हत-कुथत घागरी उचलून निघाले. मागं राजा, मागं सगळा गाव. भपकेरावाच्या दारात ठकू ओरडली, "महाराजांचा हुकूम आहे, मशीनवर पाणी ओता!"

"मी कधी दिला?" राजा दचकला.

"मग आता द्या की!"

हुकूम द्यायला राजाला फार आवडायचं. त्यानं लगेच दिला.

"ओता, ओता!" भपकेराव हसला. "आत सगळं गिऱ्हाइकांचंच आहे, माझं काय जातंय?"

"थांबा, पुढं चला," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दारात फुकटशेठ म्हणाला, "खुशाल ओता! धूळ तरी निघेल!"

"पुढं चला!"

केरबाच्या दारात शिपायानं घागर उचलली मात्र, केरबा तोंड उघडायच्या आत भपकेराव आणि फुकटशेठ दोघंही दारात आडवे पडले!

"नको, नको! बुडालो!" भपकेराव बोंबलला.

"आधी माझ्या डोक्यावर ओता!" फुकटशेठ रडायला लागला.

राजा चक्रावला. "अरे, स्वतःची मशीनं भिजणार तेव्हा हसत होता, आणि केरबाच्या मशीनसाठी रडता?"

"महाराज, आमच्या स्वतःच्या वेबसाइटी केरबाकडं ठेवल्यात हो!"

ठकूनं घागर घेतली आणि उलटी केली. थेंबसुद्धा पडला नाही. घागरी रिकाम्याच!

"आणि तू रे, कण्हत का होतास?" राजानं शिपायाला विचारलं.

"ठकूमावशीनं सांगितलं होतं, महाराज."

ठकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ज्या खानावळीचा मालक रोज शेजारच्या खानावळीत जेवतो, तिथं महाराजांचं पान मांडायचं का? मालक जेवतो तिथंच मांडू की!"

राजा इतका हसला, इतका हसला, की पगडी नाकावर आली. दुकान केरबाकडं गेलं, ठकू दुकानाची कारभारीण झाली, आणि राजानं तिच्यापुढं सोन्याची सुई धरली.

"सोन्याची सुई वाकते, महाराज," ठकू म्हणाली. "लोखंडाच्या शंभर द्या!"

राजा पुन्हा हसला, आणि त्यानं दोन्ही दिलं!